घरून लगेच सुरू करता येईल असं काम हवंय, पण वेळ तुकड्यातुकड्यात मिळतो

अबोली_पान
नमस्कार. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं माझ्याकडेच असल्यामुळे बाहेरची नोकरी सोडावी लागली. वेळ मिळतो, पण सलग नाही. सकाळी त्यांचं आवरलं की तासभर, दुपारी त्यांचा डोळा लागला की थोडा, मग थेट रात्री. मराठी टायपिंग वेगात येतं, शुद्धलेखन पक्कं आहे, लॅपटॉप आणि नेट आहे. आधी मोठा कोर्स करा, मग काम बघा, हे आत्ता परवडणारं नाही.
टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा आणि रोज कमवा' असं एक काम आलंय. सुरुवातीला थोडे पैसे दिलेसुद्धा. आता पुढचा टास्क उघडायला डिपॉझिट मागतायत. भरू का?

भ्रमर
ताई, अजिबात भरू नका. सुरुवातीचे पैसे हे आमिष असतं. पुढे स्क्रीनवर 'तुमची कमाई' फुगत जाते आणि काढायला गेलं की आधी कर भरा, मग खातं अनलॉक करायची फी भरा, असं सुरू होतं. ग्रुपमध्ये 'मला मिळाले' म्हणून फोटो टाकणारेही त्यांचेच असतात. चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीला लागतील, आणि मगच ब्लॉक करा. खात्याचे तपशील दिले असतील तर आजच बँकेला कळवा. तुम्हाला आलेले पैसे दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले असू शकतात.

रातराणी
भ्रमर यांचं आधी ऐका, मग बाकीचं.
मी ऑडिओ ऐकून टाइप करण्याचं आणि सबटायटलचं काम करते, मुलं लहान होती तेव्हापासून. घरून करायची कामं पुष्कळ आहेत, पण ऑनलाइन शिकवणी किंवा कस्टमर सपोर्टला वेळ बांधलेली असते. सासूबाईंनी हाक मारली तर कॉलवरच्या माणसाला ताटकळत ठेवता येत नाही. 'परवा संध्याकाळपर्यंत द्या' अशी मुदतीची कामंच तुम्हाला झेपतील, आणि तुमचं मराठी पक्कं आहे म्हणून ट्रान्सक्रिप्शनपासून, म्हणजे ऑडिओ ऐकून टाइप करण्यापासून, सुरुवात करा असं मी म्हणेन. मुलाखती घेणारे संशोधक, पत्रकार, पॉडकास्टवाले, माहितीपट करणारे, या सगळ्यांना बोललेलं लिहून हवं असतं.
ओ-ट्रान्सक्राइब हे फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. एस्केप दाबलं की ऑडिओ थांबतो, पुन्हा दाबलं की चालू. एफ१ ने थोडा मागे जातो, कंट्रोल आणि जे दाबलं की वेळेची नोंद पडते. माउसला हात लावावा लागत नाही. अर्ध्या वाक्यावर उठावं लागलं तरी लिहिलेलं तिथेच जपलेलं असतं. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.
आता पैशांचं, इथे नीट लक्ष द्या. दर बहुतेकदा ऑडिओच्या तासावर ठरतो, तुमच्या कामाच्या तासावर नाही. आवाज स्वच्छ आणि बोलणारा एकच असेल तरी एका तासाच्या ऑडिओला चारेक तास जातात. तिघं एकमेकांना तोडत बोलतायत आणि मागे पंखा घरघरतोय, तर सहा-सात. म्हणून हो म्हणायच्या आधी मधल्या भागातला ५ मिनिटांचा तुकडा मागून घ्या आणि घड्याळ लावून टाइप करा. २५ मिनिटं लागली तर मिळणाऱ्या दराला ५ ने भागा. तो तुमचा खरा तासाचा दर. पटला तरच घ्या.
फायवर, अपवर्क या घरून करायची सुटी कामं मिळवून देणाऱ्या साइटवर खातं उघडा, पण सगळी भिस्त त्यांवर नको. फायवर २० टक्के कापून घेतं आणि नवीन विक्रेत्याचे पैसे ऑर्डर पूर्ण झाल्यावर १४ दिवसांनी मोकळे होतात. अपवर्कवर काम मागायला 'कनेक्ट्स', म्हणजे तिथली टोकन, खर्च होतात. पहिलं काम ओळखीतून लवकर मिळतं. पीएचडी करणारं कुणी, वकील, छोटे प्रकाशक, सगळ्यांना आजच मेसेज टाका.

ध्रुव_तारा
पण ऑडिओवरून टाइप आता यंत्रच करतं ना? हे काम किती टिकणार?

रातराणी
रास्त प्रश्न. यंत्राने काढलेला मसुदा दुरुस्त करायचं काम वाढलंय, आणि त्याचा दर कमी सांगतात. पण मसुदा वाईट असेल तर दुरुस्तीला नव्याने टाइप करण्याइतकाच वेळ जातो, म्हणून तिथेही नमुना मागायचाच. मराठीत यंत्र बोलीभाषेत अडखळतं. माणूस 'म्या सांगितलं' बोलतो आणि यंत्र सरळ 'मी सांगितलं' लिहून मोकळं होतं. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला ते 'म्या'च हवं असतं. नावं, गावं, कोण बोलतंय, हे कान देऊन ऐकणारं माणूस अजून लागतंच.

अबोली_पान
डिपॉझिट भरलं नाही. स्क्रीनशॉट घेतले, ब्लॉक केलं, बँकेलाही कळवलं. खूप आभार. पण रातराणीताई, मी अजून कुणाचं काम केलेलंच नाही, मग काम मागताना माझ्या कामाचा नमुना काय दाखवू?

रातराणी
बरं झालं, वाचलात! नमुना स्वतःच तयार करायचा. एखादं सार्वजनिक भाषण किंवा चर्चा घ्या, ५ मिनिटं लिहून काढा. तेच दोन प्रकारे करा: एक शब्दशः, म्हणजे 'अं', 'म्हणजे', अडखळणं सगळं ठेवून, आणि एक सफाईदार, म्हणजे ते गाळून. कळलं नाही तिथे अंदाजाने शब्द घालू नका, [अस्पष्ट ००:०३:१२] असं लिहा. काम देणारा आधी तेच बघतो, त्यावरून भरवसा बसतो.
कुणाची मुलाखत हाती आली की ती भलत्या साइटवर चढवू नका. ओ-ट्रान्सक्राइबमध्ये ऑडिओ तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. अनोळखी माणसाचं मोठं काम असेल तर तुकडे पाडा, पहिल्याचे पैसे आले की दुसरा. आणि मुदत सांगताना स्वतःच्या अंदाजावर एक दिवस जास्तीचा धरा, सासूबाईंचा एखादा दिवस जड जाणारच. नमुना झाला की इथे टाका, मी वाचून सांगते.