तबला नाही, पियानो नाही, फक्त व्हायोलिन आणि चेलो: आधी काय ऐकून जावं?

पेठेतली_आई

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

पुढच्या महिन्यात दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या सभागृहात व्हायोलिन आणि चेलोची (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि बसून वाजवायचं वाद्य) मैफल आहे. वाजवणारे दोघंच, साथीला कुणी नाही. पत्रिकेत चार नावं आहेत: हँडेल-हाल्व्होर्सनची पासाकालिया, ग्लिएरच्या आठ छोट्या रचनांपैकी काही, राव्हेलचा सोनाटा आणि मध्यंतरानंतर कोडायचा डुओ (दोघांनी वाजवायची रचना). मी तीन तिकिटं काढलीत. एक माझं, एक लेकीचं (वय ११, चार वर्षं व्हायोलिन शिकतेय) आणि एक बाबांचं.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. रमणबागेत बैठकीवर बसून रात्र रात्र सवाई गंधर्व ऐकलेले. व्हायोलिन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पंडित डी. के. दातार येतात, गळ्यातून यावं तसं गजातून येणारं गाणं. तिकीट पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तानपुरा नाही, तबला नाही. मग कशाला धरून ऐकायचं?" मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्याही डोक्यात बसलाय.

तर आधी काय ऐकून जाऊ? लेकीला काय दाखवू? आणि बाबांना काय सांगू?

चेलोवाला

ताई, बाबांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी हौशी चेलो वाजवतो, गेली वीसेक वर्षं. माझ्या परीने सांगतो.

पासाकालियापासून सुरुवात करा, बाबांसाठी हीच किल्ली आहे. हाल्व्होर्सन हा नॉर्वेचा व्हायोलिनवादक. हँडेलच्या हार्प्सिकॉर्डसाठीच्या (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) जी मायनर सूटमधला, म्हणजे तुकड्यांच्या मालिकेतला, शेवटचा भाग घेऊन त्याने ती व्हायोलिन आणि व्हिओलासाठी (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं) बांधली. व्हिओलाच्या जागी चेलो घेऊनही ती सर्रास वाजवतात. सात-आठ मिनिटांचा मामला. त्यात चार मापांचा (माप म्हणजे तालाचा एक छोटा कप्पा) एकच साचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत राहतो. बाबांना सांगा, तबल्याच्या सोलोला लहरा धरतात ना, तसा हा लहरा आहे. फक्त तो वेगळा कुणी धरत नाही, वाजवणाऱ्या दोघांच्याच हातात असतो. एकदा साचा कानात बसला की प्रत्येक आवर्तनात वर काय बदललं ते आपोआप कळायला लागतं. कुठे गज तारेवर उड्या मारतो, कुठे बोटांनी तार छेडतात, कुठे दोघं मिळून चार-चार सूर एकदम काढतात.

ग्लिएरची आधी तयारी लागत नाही. त्यातली अंगाई वाजवली तर लेकीला आवडेलच.

राव्हेल मात्र सावकाश घ्या. फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी 1918 मध्ये गेला. त्याच्या स्मरणार्थ एका फ्रेंच संगीत-मासिकाने 1920 मध्ये खास अंक काढला, त्यात राव्हेलने या सोनाटाचा पहिला भाग दिला. उरलेले तीन भाग पूर्ण व्हायला 1922 उजाडलं. पियानोची एवढी जाण असलेला हा माणूस, पण इथे त्याने पियानो पूर्ण बाजूला ठेवला आणि चाल तेवढी उघडी ठेवली. सुरुवातीला व्हायोलिन एकटंच एक झुलता तुकडा वाजवतं. त्यात कोमल गंधार आणि शुद्ध गंधार आलटून पालटून येतात. बाबांना जोग आठवेल, आठवू द्या, पण पुढे राग शोधत बसू नका म्हणावं, हाती काही लागणार नाही. मग चेलो आपल्या वरच्या पट्टीत चाल घेऊन येतो. डोळे मिटले तर कोण कुठलं वाजवतंय हे क्षणभर कळत नाही. राव्हेलला हेच हवं होतं असं मला वाटतं.

आता "कशाला धरून ऐकायचं?" याचं उत्तर. या घडीला चाल कोणाकडे आहे आणि दुसरा काय करतोय, हे धरून ऐकायचं. दोन मापं एक जण गातो, तेवढ्यात दुसरा त्याला तळ देतो, आणि मग न सांगता अदलाबदल होते. साथीदार ठरलेला नसतो. आपल्या जुगलबंदीतल्या सवाल-जवाबासारखं हे नाही. इथलं जवळपास सगळं कागदावर लिहिलेलं आहे, तरी एकाचा श्वास चुकला तर दुसरा लगेच उघडा पडतो. मधे लपायला पियानो नाही.

कोडायवर उद्या लिहितो, त्याला वेगळी पोस्ट हवी.

ठाणे_फास्ट

संगीतातलं चेलोवाला सांगतीलच, मी व्यवहाराचं सांगते.

पुण्याहून येताय तर परतीची डेक्कन क्वीन धरायचा विचार सोडा, ती संध्याकाळी पाच दहाला सीएसएमटीहून सुटते. मैफल संध्याकाळची असेल तर मुक्काम करा किंवा रात्रीची बस बघा. बाबांसाठी शाल घ्या, एसी जोरात असतो. दोघांच्याच मैफलीला मागची स्वस्त जागा घेऊ नका. आमच्या भागातल्या एका सभागृहात मी बाराव्या रांगेत बसले होते. बोटांनी छेडलेल्या तारा जिथे जिथे आल्या तिथे एसीच्या घरघरीत सगळं बुडून गेलं. फार वाईट वाटलं. तिसरी-चौथी रांग बघा.

आणि चार भागांची रचना असेल तर मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाबांना आधीच सांगून ठेवा, कारण छान जागा आली की आपल्याकडे "वाह" आपसूक तोंडून निघते.

चेलोवाला

@ठाणे_फास्ट, जागेबद्दल शंभर टक्के सहमत. आणखी एक. व्हायोलिनवाला सहसा प्रेक्षकांच्या डाव्या हाताला उभा राहतो, त्यामुळे वाद्याची आवाज सोडणारी दोन छिद्रं प्रेक्षकांकडे होतात. दोन व्हायोलिनांच्या मैफलीत हीच पंचाईत असते. दुसरा समोरासमोर उभा राहिला की त्याचं वाद्य पाठच्या भिंतीला वाजतं. चेलोला ही अडचण नाही, तो सरळ समोर बोलतो.

आता कोडाय. 1914 साल, युरोपात महायुद्ध पेटलं तेव्हाची रचना. जवळपास पंचवीस मिनिटांची, तीन भाग. कोडाय आणि बार्टोक हे दोघंही हंगेरियन संगीतकार त्याआधीची कित्येक वर्षं हंगेरीच्या खेड्यांतून फिरत होते, मेणाच्या नळकांड्यांवर म्हाताऱ्या बायकांची गाणी उतरवून घेत होते. त्या गाण्यांच्या सगळ्यात जुन्या थराला पाच सुरांचा सांगाडा आहे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला राग धानी! बाबांना हे नक्की सांगा. डुओमध्ये ही लोकगीतं जशीच्या तशी नाहीत, पण त्यांचा वास सगळीकडे आहे. पहिलं वाक्य चेलो असा उचलतो की कुणीतरी अंगणात उभं राहून मोठ्याने बोलायला लागलंय असं वाटतं. मधला संथ भाग माझा सगळ्यात आवडता. शेवटच्या भागात आधी व्हायोलिन मोकळं, तालाशिवाय बोलतं, ते बाबांना आलापासारखं वाटेल. मग नाच सुरू होतो.

मांडवीकाठ

धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे गोव्यात जुनी माणसं व्हायोलिनला रेबेक म्हणतात. आमच्या वाड्यावर खुरसाकडे (क्रॉसपाशी) मे महिन्यात लादाइन, म्हणजे गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना, व्हायची. शेजारचे दोघे भाऊ, दोघेही पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत सोल्फा (पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकलेले, रेबेक घेऊन येत. मोठा वरची चाल वाजवी, धाकटा तिच्या खाली दुसरा सूर धरी. आम्ही हिंदूंची पोरं चणे आणि नारळाच्या आशेने जायचो, पण मी त्या धाकट्याकडे बघत बसायचो. तो भावाच्या गजाकडे बघत वाजवायचा, स्वतःच्या बोटांकडे कधीच नाही. दोन वाद्यांचं संगीत मला तिथे पहिल्यांदा कळलं.

त्या चर्चच्या शाळांतून शिकलेली माणसं पुढे मुंबईत गेली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात तीच तार वाजली. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, तेव्हाही शहरात गोवेकर वादक होतेच. त्यामुळे हे संगीत आपलं नाही असं बाबांना वाटू देऊ नका.

जमलं तर कधीतरी जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मोन्तच्या चॅपेलमध्ये असा कार्यक्रम ऐका. थंडी सरताना तिथे संगीत महोत्सव भरत आलाय. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी, आणि आत चुन्याच्या भिंतींत दोन वाद्यांचा आवाज वाद्यवृंदासारखा भरतो.

पेठेतली_आई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना धानीचं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण थोड्या वेळाने आतल्या खोलीतून गुणगुणण्याचा आवाज आला.

लेकीचं मात्र अजून बाकी आहे. ती विचारतेय, "मला यातलं काही वाजवता येईल का?"

दुसरं_व्हायोलिन

मी व्हायोलिन शिकवते. पत्रिकेतलं काही तिला इतक्यात जमणार नाही, पण तिच्यासाठी बार्टोकचे 44 डुओ आहेत. दोन व्हायोलिनांसाठी, 1931 चे. एरिश डोफ्लाइन नावाच्या जर्मन व्हायोलिन शिक्षकाला मुलांसाठी नवं संगीत हवं होतं, म्हणून बार्टोकने लिहिले. पहिले अगदी सोपे, शेवटचे चांगलेच अवघड. दोन वगळता सगळे लोकगीतांवर: हंगेरियन, रुमेनियन, स्लोव्हाक, सर्बियन, युक्रेनियन. 42 नंबरचा अरबी गाण्यावर आहे. बार्टोक 1913 मध्ये अल्जीरियात बिस्क्राच्या परिसरात गाणी गोळा करायला गेला होता.

माझ्या वर्गातली मुलं 22 नंबरच्या डासांच्या नाचासाठी भांडतात. व्हायोलिनच्या घोडीवर म्यूट (आवाज दबका करणारा छोटा तुकडा) लावून वाजवायचा असतो, खरंच कानाशी डास घोंगावतो. पण आधी पहिले पाच-सहा घ्या. आणि एक गोष्ट पाळा: दोन्ही भाग तिला शिकू द्या. आज वरचा, उद्या खालचा. वरचा भागच वाजवणारी मुलं पुढे कुणाचं ऐकत नाहीत.

ऐकायला इत्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन यांचं ध्वनिमुद्रण आहे, दोघांच्या आवाजात इतकी जवळीक आहे की वेगळे काढायला कान लावावे लागतात. डेव्हिड ओइस्त्राख आणि त्यांचा मुलगा इगोर यांनी वाजवलेला प्रोकोफिएवचा दोन व्हायोलिनांचा सोनाटाही ऐकवा, बापलेक आहेत हे सांगून ऐकवा. तो सोनाटा 1932 चा. दोन व्हायोलिनांची कुणाची तरी फसलेली रचना ऐकून, असं असूनही या जोडीत बरंच काही करता येईल असं प्रोकोफिएवला वाटलं आणि त्याने हा लिहिला.

@चेलोवाला, एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. राव्हेल आधी ऐकवूच नका. ध्वनिमुद्रणात तो कोरडा, टोचणारा वाटतो आणि माणूस आधीच मन बंद करून बसतो. दुसऱ्या भागात दोघं तारा छेडत एकमेकांवर चेंडू फेकल्यासारखं वाजवतात. ते पहिल्यांदा डोळ्यांनी बघावं.

चेलोवाला

पटलं. राव्हेलवरचा माझा सल्ला मागे घेतो. मी स्वतः ध्वनिमुद्रणावरून तो दोनदा सोडून दिला होता आणि तिसऱ्यांदा समोर बसून ऐकला तेव्हा उठवेना.

थेम्सकाठ

लंडनहून एक भर. इथे विगमोर हॉल म्हणून 1901 चं सभागृह आहे, साधारण साडेपाचशे खुर्च्यांचं, खास अशाच संगीतासाठी. सोमवारी दुपारी एकची मैफल बीबीसी रेडिओ 3 वर थेट ऐकता येते. बऱ्याच मैफलींचे व्हिडिओही ते मोकळे ठेवतात. पुण्यात बसून सवय करायला यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

व्हायोलिन-चेलोत रेनो आणि गोतिए कापुसाँ हे फ्रेंच भाऊ ऐका. पॅट्रिशिया कोपाचिन्स्काया आणि सोल गाबेटा ही जोडी त्यांच्या अगदी उलट, वाजवताना खोडकरपणा करणाऱ्या दोन मैत्रिणी. लेकीला दुसरी जोडी आवडेल.

पेठेतली_आई

जाऊन आलो. कालच परतलो, लगेच लिहितेय.

तिसरी रांग मिळाली. चेलोवालीने बसताना फरशीवर काळा रबरी तुकडा ठेवला आणि वाद्याची खालची टोकदार सळई त्यात रोवली. लेकीने ते पाहिलं आणि "आजोबा, घसरू नये म्हणून" असं कानात सांगितलं. पासाकालियात बाबांचं बोट गुडघ्यावर चार मापं मोजत होतं. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला थांबलं, मग मोजायची गरज उरली नसावी.

राव्हेलबद्दल दुसरं_व्हायोलिन यांचं म्हणणं अगदी खरं निघालं. तारा छेडण्याच्या भागात लेक खुर्चीच्या कडेवर आली होती. एके ठिकाणी व्हायोलिनवाल्याच्या गजाचा एक केस तुटून लोंबायला लागला. त्याने थांबायची संधी येईपर्यंत तसंच वाजवलं आणि दोन भागांच्या मधल्या शांततेत तो हाताने तोडून टाकला. सगळं सभागृह त्या एका केसाकडे बघत होतं.

मध्यंतरात बाबा चहा घ्यायला उठले नाहीत. "चेलो वर गेला आणि व्हायोलिन खाली आलं, ते घर बदलणं मला दिसलं," एवढंच म्हणाले. कोडायच्या संथ भागात त्यांनी डोळे मिटले ते टाळ्या सुरू झाल्यावरच उघडले.

घरी आल्यावर लेकीने बार्टोकचा पहिला डुओ तिच्या बाईंबरोबर वाजवला. मी सवयीने फोनवर तानपुरा लावायला गेले, तर बाबांनी हाताने थांबवलं. "राहू दे. त्या दोघी एकमेकींना धरून आहेत."

आता पुढचा प्रश्न. मोझार्टचे व्हायोलिन-व्हिओलाचे दोन डुओ (के. 423 आणि 424) बाबांना प्रत्यक्ष ऐकायचेत. आजारी मित्राचं, मिखाएल हायडनचं, काम अडू नये म्हणून मोझार्टने ते लिहून दिले, असं सांगतात. ही गोष्ट कुठेतरी वाचून ते त्यांच्या प्रेमात पडलेत. पुण्यात किंवा आसपास कुणी व्हिओला वाजवणारं माहीत आहे का? घरगुती बैठक चालेल, आमच्या वाड्यातली मोठी खोली आहे आणि पंचवीस माणसं आरामात बसतात.