ब्लाय खरंच इतका राक्षस होता का?

ब्लाय म्हणजे ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजाचा कप्तान, ज्याच्याविरुद्ध त्याच्याच माणसांनी बंड केलं. १९३५च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ चित्रपटातला क्रूर ब्लाय बघून इतिहासातलाही तसाच असणार, असं कुणालाही वाटतं. चार्ल्स लॉटनने त्याचं काम असं केलंय की तसं वाटणारच! मेलेल्या खलाशालाही उरलेले फटके मारायला लावतो तो प्रसंग अंगावर येतो, पण ती पटकथेची करामत. खऱ्या बाउंटीवर फटक्यांनी कुणी मेलं नाही. ब्लायचं खरं हत्यार होतं जीभ. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करायचा. बंडाच्या आदल्याच दिवशी त्याने नारळ चोरल्याचा आळ खुद्द ख्रिश्चनवर, म्हणजे बंडाचा म्होरक्या ठरलेल्या आपल्याच अधिकाऱ्यावर घेतला होता. चक्क नारळ!

मला मात्र त्या होडीचं जास्त कौतुक. २८ एप्रिल १७८९ला बंडखोरांनी ब्लायसह १९ जणांना २३ फुटी होडीत उतरवलं. काठोकाठ भरलेली, पाणी कडेला टेकलेलं. नकाशा नाही, दिवसाला चिमूटभर पाव नि घोटभर पाणी. तरी पठ्ठ्याने साडेतीन हजारांवर सागरी मैल काटून ती तिमोर बेटाला लावली. वाटेत तोफुआ बेटावर एकाला तिथल्या लोकांनी मारलं, बाकीचे सगळे पोचले.

आणि ज्यासाठी बाउंटीच्या सफरीचा हा सगळा उपद्व्याप, ते रोप कसलं? आपल्या कोकणातला नीरफणस. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांना स्वस्तात पोसायला हवा होता. ब्लायने पुढे १७९३मध्ये तो तिथे पोचवलाही, पण गुलामांनी सुरुवातीला तोंडसुद्धा लावलं नाही म्हणतात. काप करून दिले नसणार.