हेलिओस ४४-२ सोनीवर: इन्फिनिटी का लागत नाही?

काचवेडा:
हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स (५८ मिमी, एफ/२, एम४२ म्हणजे आट्यांचा माउंट) सोनी ए७ थ्री कॅमेऱ्यावर साध्या अडॅप्टरने लावली आहे. जवळचं खणखणीत येतं, पण फोकस रिंग इन्फिनिटीच्या (अगदी लांबच्या फोकसच्या) टोकाला नेऊनही लांबच्या इमारती मऊच, म्हणजे धूसर. एफ/२ला (ॲपर्चर पूर्ण उघडं असताना) फोटो दुधाळही दिसतो. लेन्स खोलावी का?

आटेवाला:
लेन्सला हात लावू नका, आधी अडॅप्टर मोजा. एम४२चं फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ मिमी, सोनीच्या ई माउंटचं १८. म्हणजे अडॅप्टर २७.४६ मिमी हवा. व्हर्निअरने तीन-चार जागी माप घ्या. नुसता ०.१ मिमी जाड असला तरी या लेन्सचा फोकस साधारण ३४ मीटरवर अडकतो, त्यापुढे जात नाही. पातळ असेल तर इन्फिनिटी टोकाच्या किंचित अलीकडे येते, त्याने काही बिघडत नाही. बरेच अडॅप्टर मुद्दाम तसेच बनवतात.

तपासणी एफ/२लाच आणि व्ह्यू मोठा करूनच. एफ/८ला डेप्थ (एकाच वेळी स्पष्ट दिसणारी खोली) सगळं झाकून टाकते, आणि अशा मऊ लेन्सवर पीकिंगचे (फोकसमधल्या कडा दाखवणारे) रंग सरळ थापा मारतात.

मिमी४९:
अडॅप्टर बरोबर निघाला, तर कुणीतरी लेन्स उघडून फोकस रिंग चुकीच्या जागी कसली असणार. रिंगच्या कडेला तीन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आहेत. ते ढिले करा, काढू नका (पडले की सापडत नाहीत). आतला भाग धरून ठेवा, रिंग जवळच्या अंतराकडे थोडी फिरवा आणि एकच स्क्रू कसून बघा. जमलं की उरलेले दोन. आतला भागच कॅमेऱ्याकडे आणखी सरकत नसेल तर तो चुकीच्या आट्यावर चढलाय. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

दुधाळपणासाठी मागून टॉर्च मारून तिरकं बघा. जाळं दिसलं तर बुरशी, सगळीकडे सारखं धुकं दिसलं तर वंगणाची वाफ. काच स्वच्छ असेल तर जुन्या कोटिंगचा स्वभाव म्हणायचा: ४९ मिमीचं हूड (बाजूचा प्रकाश अडवणारी कडी) लावा. अडॅप्टरची आतली भिंत चकाकत असेल तर काळा मखमली कागद चिकटवा. याने पडणारा फरक लोकांना खरा वाटत नाही.

काचवेडा:
अडॅप्टर चारही जागी २७.६२ निघाला. काच स्वच्छ आहे. घासून कमी करता येईल?

आटेवाला:
०.१६ जास्त, म्हणजे २१ मीटरच्या पुढे मऊ येणारच. हाताने घासू नका. एक बाजू जास्त झिजली की लेन्स तिरकी बसते आणि फ्रेमची एकच कड कायम मऊ येते. दुसरा अडॅप्टर घ्या. ४४-२ला ऑटो ॲपर्चरची पिन नाही, त्यामुळे ती पिन दाबणारी आतली कडा नसलेला साधा अडॅप्टरही चालतो. शिवाय कॅमेऱ्यातलं स्टेडीशॉट (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) मॅन्युअलवर टाकून फोकल लेंथ भरा. ५८ मिळालं नाही तर यादीतला सर्वांत जवळचा आकडा.