मिटिओर ३५०: लांब शॉकअप घेण्याआधी सॅग मोजा

रॉयल एनफिल्डची मिटिओर ३५० ही मोटरसायकल डबलसीट असताना खड्ड्यात आपटते, म्हणून मागे इंचभर लांब शॉकअप घालायचा तुमचा विचार चालला असेल. कृपया तसं करू नका. आपटणं लांबीने नाही, योग्य स्प्रिंगने थांबतं. उलट मागची बाजू उचलली की पुढचे फोर्क उभे होतात, वेगात गाडीचा स्थिरपणा कमी होतो, साइड स्टँडवर ती जास्त कलते आणि चेनचा ढिलेपणाही बदलतो. मूळ लांबीच ठेवा: वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत. बोल्ट ज्यातून जातो त्या बुशचं भोक आणि रुंदीही मोजा.

आता सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती दबते ते. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग दोघं सामानासह बसल्यावर पुन्हा घ्या. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के हवा. कंपनीच्या शॉकअपला प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) ६ पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवरही फरक ४० टक्क्यांवर गेला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बसल्यावरची उंची वाढते.

जुन्या डँपरवर (शॉकअपमधला स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) नुसती कडक स्प्रिंगही चढवू नका, रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला आवरणं, अपुरा पडून गाडी उसळत राहते. विक्रेत्याला दोघांचं वजन सांगून रिबाउंड ॲडजस्ट होणारी जोडीच मागा.

बसवताना फ्रेमला आधार द्या आणि एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) खाली येत नाही. नंतर गतिरोधकावरून डबलसीट हळू नेऊन मडगार्डच्या आत टायर घासल्याची खूण आहे का ते पाहा.