कार्यक्रमपत्रिका नसली की नुसता गप्पांचा फड जमतो

ब्लॉगरांच्या मेळाव्यात आधी कार्यक्रमपत्रिका ठरवली नाही तर नुसता गप्पांचा फड जमतो, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. पत्रिका आधी नसली तरी चालते, पण ती सकाळी सगळ्यांसमोर तयार व्हावी लागते. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला पहिला बारकॅम्प, म्हणजे येणाऱ्यांनीच विषय ठरवायचा तंत्रज्ञानप्रेमींचा मेळावा, झाला तो असाच. ओ'रायली या प्रकाशनसंस्थेच्या 'फू कॅम्प' मेळाव्याला फक्त निमंत्रितांनाच प्रवेश होता, म्हणून काही जणांनी आठवड्याभराच्या आत सगळ्यांना खुला मेळावा उभा केला. भिंतीवर वेळ आणि खोल्यांचा रिकामा तक्ता लावायचा, ज्याला बोलायचंय त्याने विषयाची चिठ्ठी चिकटवायची. त्याआधीच्या 'ओपन स्पेस' या, जमलेल्यांनीच विषय ठरवायच्या सभा-पद्धतीतला 'दोन पायांचा नियम' तर मला फारच आवडतो: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि तुमचा काही उपयोगही नाही, तिथून उठून दुसरीकडे जा. कुणी रागवायचं नाही.

हे प्रत्यक्षात जड जातं, बरं का. मी एकदा 'ब्लॉगचा बॅकअप कसा घ्यावा' अशी चिठ्ठी लावली. सुरुवातीला नऊ जण होते, दहा मिनिटांत तीन उरले. कान लाल झाले माझे! पण त्या तिघांपैकी एकीची चार वर्षांची पोस्ट्स होस्टिंग बंद पडल्यामुळे गेली होती. मग मी गप्प बसलो आणि उरलेला वेळ तीच बोलली. उठून गेलेल्यांपैकी दोघं परत येऊन बसले.