घाम गाळून उतरलेले वजन खरे मानावे का? मदत हवी आहे

नमस्कार. माझा धाकटा भाऊ तालमीत सराव करतो आणि निवड चाचणीत ६१ किलो गटातून उतरायचे म्हणून सध्या भर उन्हात प्लास्टिकचा सूट घालून धावतो. सूट काढला की बाह्यांतून घामाचे पाणी अक्षरशः निथळते, काटा साधारण किलोभराने खाली आलेला दिसतो आणि रात्री जेवणखाण, पाणी झाले की वजन पुन्हा जिथल्या तिथे येते. एक लिटर घाम म्हणजे जवळपास एक किलो पाणी, तर एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात, हे मी त्याला समजावले. पण "घाम म्हणजे वितळलेली चरबी" या तालमीतल्या समजुतीपुढे माझे काही चालत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट केवळ १०० ग्रॅमने अपात्र ठरली, त्यामुळे वजनाची धास्ती मला समजते. मात्र १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असेच वजन उतरवताना दगावले, आणि त्यानंतर तिथे असे सूट बंद झाले, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

गटात कोणी वस्ताद, क्रीडावैद्यक तज्ज्ञ किंवा आहारतज्ज्ञ असल्यास कृपया सांगावे: महिनाभरात तीन किलो उतरवताना ताकद टिकावी यासाठी आहार कसा असावा, की त्याने सरळ ६५ किलो गटातच खेळावे? शिवाय चक्कर, गडद लघवी, पायात गोळे यांपैकी कोणते लक्षण दिसताच सराव थांबवून दवाखाना गाठावा?