मदत हवी आहे: प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी हातातलं कौशल्य कसं मोजावं?

नमस्कार मंडळी. परिचारिकांच्या नवजात पुनरुज्जीवन (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला बॅग-मास्कने श्वास देणं) प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायचं आहे. कर्कपॅट्रिकने प्रशिक्षण मोजण्यासाठी मांडलेल्या चार पातळ्यांपैकी प्रतिक्रिया आणि शिकणं या दोन मोजणं सोपं. घोडं अडतंय ते तिसरीवर, वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामावर.

लेखी चाचणीत गुण वाढतात, हात मात्र तसेच राहतात: मास्क हनुवटीवर नीट बसत नाही, कडेने हवा सुटते, छाती वर येत नाही. मिनिटाला 40 ते 60 श्वास द्यायचे, पण घाईत बॅग भराभर दाबली जाते. म्हणून पुतळ्यावर करून घेऊन, दोन परीक्षकांनी एकमेकांचं न बघता चेकलिस्ट भरायची, असं ठरवलंय. आधी-नंतरच्या हो/नाही नोंदींना मॅक्नेमार चाचणी (त्याच माणसांच्या आधी-नंतरच्या उत्तरांची तुलना करणारी) लावणार. माणसं तीच असल्यामुळे वेगवेगळ्या माणसांचे गट धरणारी साधी काय-वर्ग चाचणी इथे चुकीची ठरते.

परीक्षकांमधला कापा (दोघांच्या नोंदी किती जुळतात याचं माप) 0.6 च्या खाली आला तर आधी चेकलिस्टचे शब्द बदलावेत की परीक्षकांचा सराव पुन्हा घ्यावा? मधल्या काळात बदल्या होतात. गळालेल्यांचे गुण तुम्ही विश्लेषणात कसे धरता? आणि वेगळा तुलनागट मिळत नसेल, तर उशिरा प्रशिक्षण घेणाऱ्या तुकडीलाच तोवर तुलनागट मानलेलं अभ्यास तपासणाऱ्या मंडळाला चालतं का? कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.